कळ गालात, कारण कवटीच्या तळाशी

पौष वद्य पंचमीला तिरुवैयारुत कावेरीच्या काठी शेकडो गायक-वादक मांडी घालून बसतात आणि त्यागराजांच्या पाच ‘पंचरत्न’ कृती एका सुरात गातात. तंजावरच्या उत्तरेला बारा-तेरा किलोमीटरवरचे हे गाव. त्यागराजांचे आयुष्य इथेच गेले, ६ जानेवारी १८४७ रोजी त्यांनी देह ठेवला तोही इथेच, आणि समाधीपाशी दरवर्षी ही आराधना होते. जानेवारीची सकाळ, नदीवरून येणारा गार वारा आणि एकदम उघडणारी शेकडो तोंडे. या प्रकरणात ज्या दुखण्याविषयी लिहायचे आहे, त्याच्या रुग्णाला नेमक्या याच गोष्टी नकोशा असतात. गार वारा नको, तोंड उघडणे नको, ओठांची हालचाल तर नकोच नको.

समजा, या मेळ्यात दरवर्षी बसणारी एक पन्नाशीतली गायिका आहे. (बायकांना इथे गायला बसता यावे म्हणून बंगळूर नागरत्नम्मांना भांडावे लागले होते, समाधीवरचे मंदिरही त्यांनीच उभे केले, पण तो वेगळा विषय.) ही गायिका कोणी खरी व्यक्ती नाही, समजावून सांगण्यापुरती आपण उभी केलेली आहे. काही महिन्यांपासून तिच्या उजव्या गालात अधूनमधून वीज चमकल्यासारखी कळ येते. दोन-चार सेकंदांत जाते, पण तेवढ्यात डोळ्यांत पाणी आणते. दात घासताना येते, कॉफीचा पहिला घोट घेताना येते, तार सप्तकात जाण्यासाठी जबडा खाली सोडला की येते. दोन कळांच्या मध्ये काही नसते, ‘आता कधी येईल’ ही धास्ती मात्र जात नाही. ती दाताच्या डॉक्टरांकडे जाते. वरची एक दाढ संशयित ठरते आणि काढली जाते. आठवडाभर बरे वाटते, मग कळ परत येते. दुसरी दाढ निघते.

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हटल्या जाणाऱ्या या दुखण्याच्या कितीतरी रुग्णांचे निरोगी दात असे गेले आहेत. दंतवैद्यांना सरसकट दोष देण्यात अर्थ नाही, कारण रुग्ण स्वतःच बोटाने दाढ दाखवत असतो आणि त्याला ती दाढच दुखताना जाणवत असते. दुखते तिथेच रोग आहे, असे आपण सगळेच धरून चालतो. नसेच्या दुखण्यात हे गृहीत चुकते. नसेला वाटेत कुठेही चिमटा बसला, तरी तिच्या टोकाला इजा झाली अशीच नोंद मेंदू करतो.

चेहऱ्याच्या नसा दोन, आणि त्यांची कामे वेगळी. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी सातवी नस चेहरा हलवते: हसणे, डोळा मिटणे, गाल फुगवणे. चेहऱ्याला स्पर्श, थंडी, वेदना कळते ती पाचव्या नसेमुळे, म्हणजे ट्रायजेमिनलमुळे. आज हे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र नामांकित शल्यचिकित्सकही चेहऱ्याच्या कळांवर उपाय म्हणून सातवी नस कापत. कळ तशीच राही आणि वर तोंड वाकडे होई. चार्ल्स बेल यांनी १८२१ पासूनच्या आपल्या निबंधांतून या दोन नसांची कामे वेगळी करून दाखवली आणि हा अघोरी प्रकार हळूहळू थांबला. या दुखण्याची वर्णने त्याआधीची आहेत. तत्त्वज्ञ म्हणून आपल्याला ठाऊक असलेले जॉन लॉक पेशाने वैद्यही होते. त्यांनी १६७७ मध्ये पॅरिसमध्ये एका इंग्रज सरदारपत्नीच्या अशाच कळांची हकीकत पत्रांतून लिहिली. १७५६ मध्ये निकोला आंद्रे आणि १७७३ मध्ये जॉन फॉदरगिल यांनी दुखण्याचे स्वतंत्र चित्र रेखाटले.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांचे अकरा प्रकार दिले आहेत. त्यातला अनंतवात मानेच्या मागून उठतो, डोळा, भुवई आणि कानशील यांत ठाण मांडतो, गालाच्या बाजूला कंप आणतो, जबडा जखडतो आणि डोळ्यांचे विकार करतो. आजचे बरेच वैद्य अनंतवात म्हणजेच ट्रायजेमिनल न्यूराल्जिया असे सांगतात. मला हा मेळ अर्धामुर्धाच वाटतो. नेहमीच्या न्यूराल्जियात मान दुखत नाही आणि डोळा बिघडत नाही. चेहऱ्याच्या कळांबरोबर डोळ्याचीही तक्रार असेल, तर आजचा मेंदूविकारतज्ज्ञ सावध होतो आणि कवटीच्या तळाशी काही वाढते आहे का ते पाहतो. सुश्रुताला ते माहीत होते असे मुळीच म्हणायचे नाही. मात्र कळ आणि डोळा या दोन्हींची नोंद एकाच जागी करण्याची सवय चांगली होती.

या दुखण्याचे नेहमीचे कारण अगदी साधे निघाले. पाचवी नस मेंदूच्या खोडातून बाहेर पडते त्या मुळाशी एखादी धमनी, बहुधा लहान मेंदूला वरून रक्त पुरवणारी, नसेला टेकून वर्षानुवर्षे ठोके देत राहते. नसेवरचे आवरण तिथे झिजते, आणि साध्या स्पर्शाचे संदेश वेदनेच्या तंतूंत शिरतात. वॉल्टर डँडी यांनी १९३०च्या दशकात शस्त्रक्रिया करताना हे पाहिले होते. पीटर जॅनेटा यांनी १९६०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली धमनी आणि नस यांच्यामध्ये छोटी गादी ठेवून रुग्ण बरे करून दाखवले, तेव्हा जगाला हे हळूहळू पटू लागले. त्याच दशकात, १९६२ मध्ये, फिटांसाठी तयार झालेले कार्बामाझेपिन या कळांवर विलक्षण गुण देते हेही कळले. आजही पहिली गोळी तीच.

सगळ्यांचे कारण मात्र ही धमनी नसते. साधारण १५ टक्के रुग्णांत एमआरआयवर दुसरे काही सापडते: मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा गाठ. गाठींमध्ये मेंदूच्या आवरणाची, ऐकण्याच्या नसेची आणि जन्मजात पेशींपासून होणारी एपिडर्मॉइड या नेहमीच्या. पियुषिका ग्रंथीची गाठ या यादीत अगदी खालच्या ओळीत बसते. म्हणूनच ती सुटून जाते.

ती तिथवर पोचते कशी, हे समजायला थोडी जागेची माहिती लागेल. पियुषिका म्हणजे पिट्युटरी. वजन साधारण अर्धा ग्रॅम, रुंदी सेंटिमीटरभर. नाकाच्या मागे, कवटीच्या तळातल्या हाडाच्या छोट्या खळग्यात ती बसलेली असते. वाढ, पाळी, दूध, थायरॉइड, ताण सोसण्याची शक्ती अशा कितीतरी गोष्टींचे हुकूम इथून सुटतात. खळग्याच्या वर आवरणाचे पातळ छत, आणि छताच्या थोडे वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. खळग्याच्या दोन्ही बाजूंना अशुद्ध रक्ताची एकेक पोकळी असते, तिला कॅव्हर्नस सायनस म्हणतात. तिच्यातून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी जाते, डोळा हलवणाऱ्या तीन नसा जातात आणि पाचव्या नसेच्या तीनपैकी दोन शाखाही जातात: कपाळाची व डोळ्याची पहिली, गालाची व वरच्या दातांची दुसरी. खालच्या जबड्याची तिसरी शाखा या पोकळीत येत नाही, ती अलीकडेच कवटीतून खाली उतरते. तिन्ही शाखा जिथून फुटतात ती गाठोडीसारखी जागा पोकळीच्या मागे, मेकेलच्या गुहेत असते. योहान फ्रीडरिख मेकेल यांनी ती १७४८ मध्ये वर्णिली.

तिरुवैयारु हे पाच नद्यांचे गाव: कावेरी, कुडमुरुट्टी, वेण्णारु, वेट्टारु, वडवारु. शेवटच्या शेताला पाणी पोचले नाही तर इथला शेतकरी शेतातली माती उकरत बसत नाही. तो काठाकाठाने वर चालू लागतो, कोणता फाटा आटला ते पाहतो, आणि गरज पडली तर कल्लणैच्या बंधाऱ्यापर्यंत जातो. एकाच फाट्याची शेते कोरडी असतील तर दोष त्या फाट्यात. सगळ्याच फाट्यांची कोरडी असतील तर दोष वर, फुटण्याच्या जागी. चेहऱ्याच्या दुखण्याचा माग असाच घ्यायचा. कपाळ आणि गाल दुखतो आहे, जबडा सुटला आहे, तर संशय कॅव्हर्नस सायनसवर. तिन्ही भागांना त्रास असेल तर मेकेलच्या गुहेवर किंवा नसेच्या मुळावर.

मग पियुषिकेच्या गाठीने कळ इतकी क्वचित का येते? कारण त्या गाठीला वरची वाट सोपी असते. छत पातळ असते, म्हणून गाठ बहुतेकदा वर चढते आणि डोळ्यांच्या नसांना उचलते. रुग्णाला दोन्ही बाजूंचे कडेचे दिसेनासे होते. बाजूने पोकळीत शिरली, तरी ती वर्षानुवर्षे संथ वाढते आणि नसांना हळूहळू बाजूला सारते. नसा हे सरकणे आश्चर्यकारक सहन करतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११८ महाकाय पियुषिका गाठींच्या शस्त्रक्रियांचा अनुभव २००४ मध्ये मांडला. त्यांनी गाठींच्या ज्या पायऱ्या ठरवल्या त्या गाठ आवरणाशी काय करते यावर बेतलेल्या आहेत: छताखालीच राहिली, पोकळीत शिरली, पोकळीचे छप्पर उचलले, की आवरण ओलांडून मेंदूच्या धमन्यांना वेढले. बऱ्याच मोठ्या गाठीही आवरण फाडत नाहीत, ते ताणत नेतात, ही यातून दिसणारी गोष्ट मला फार बोलकी वाटते. ताणलेल्या आवरणाखालची नस तक्रार करत नाही. तक्रार ती तेव्हा करते, जेव्हा गाठ मागे गुहेपर्यंत सरकून नसेला हाडावर दाबते, किंवा गाठीत अचानक रक्तस्राव होऊन ती तासाभरात फुगते.

आणखी एक वाट आहे, आणि तिचा दाबाशी सरळ संबंध नसावा. काही रुग्णांना डोळ्याभोवती काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत टिकणाऱ्या कळा येतात, त्याच बाजूचा डोळा लाल होतो आणि वाहू लागतो. या प्रकाराला स्वतंत्र नाव आहे, ‘संक्ट’, आणि पियुषिकेच्या गाठींशी त्याचे नाते पक्के नोंदलेले आहे. लंडनमध्ये २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पियुषिकेची गाठ आणि डोकेदुखी असलेल्या ८४ रुग्णांच्या अभ्यासात दुखण्याची तीव्रता गाठीच्या आकाराशी जुळली नाही. लहान गाठीचे रुग्णही तळमळत होते. वाढीचे संप्रेरक आणि दूध आणणारे संप्रेरक बनवणाऱ्या गाठी यात पुढे असतात. म्हणजे या गाठी रसायनांनीही दुखवत असाव्यात.

डोळ्यांचा विषय निघाला की तंजावरच्या राजवाड्यात जावेच लागते. सरफोजी राजे (१७७७–१८३२) हे तंजावरच्या भोसल्यांपैकी वैद्यकाचा सर्वाधिक नाद असलेले. तुळजाजींनी त्यांना दत्तक घेतले, श्वार्ट्झ या मिशनऱ्याने शिकवले आणि १७९८ मध्ये ते गादीवर बसले. राज्यकारभार कंपनीने काढून घेतल्यावर राजा उरला तो ग्रंथालयाचा, छापखान्याचा आणि औषधशाळेचा. सरस्वती महाल हे ग्रंथालय त्यांनी वाढवले. धन्वंतरी महाल या औषधशाळेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि विलायती वैद्यक यांची औषधे शेजारी शेजारी करून पाहिली. १८२६ मध्ये त्यांना भेटलेला बिशप हेबर चकित झाला, कारण हा हिंदू राजा लाव्हाझिए आणि लिनियस यांच्याविषयी सहज बोलत होता. त्यागराजांना दरबारात बोलावणारा राजा हाच, अशी प्रसिद्ध कथा आहे. त्यागराजांनी ते बोलावणे नाकारले.

सरस्वती महालात सरफोजींच्या काळची डोळ्यांच्या रुग्णांची कागदपत्रे आहेत. रुग्णाचे नाव, तक्रार, काय केले, पुढे काय झाले, आणि जोडीला डोळ्यांची रंगीत चित्रे. बरेचसे रुग्ण मोतीबिंदूचे. राजाने स्वतः काही शस्त्रक्रिया केल्याचेही सांगितले जाते. डॉ. आर. नागस्वामी आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयातले डॉक्टर यांनी या कागदांचा अभ्यास करून ते लोकांसमोर आणले. दोनशे वर्षांपूर्वीच्या भारतीय दरबारात एकेका सामान्य माणसाची अशी टिपणे ठेवली गेली, हे मला तिथल्या तलवारी आणि पालख्यांपेक्षा मोठे वैभव वाटते.

या टिपणांत पियुषिकेची गाठ असलेला रुग्ण आला असता तर? पापण्या, बुबुळ, बाहुली हे चित्रकार हुबेहूब काढी. डोळ्याच्या आत पाहायचे साधन मात्र कोणाकडेच नव्हते. हेल्महोल्ट्झ यांचे यंत्र १८५१ चे. मोतीबिंदू नाही, डोळा स्वच्छ, तरी दिसत नाही, अशी ओळ लिहून वैद्य थांबला असता. हातपाय आणि जबडा वाढण्याचा रोग पिएर मारी यांनी १८८६ मध्ये ओळखला, त्याचा दोष पियुषिकेत आहे हे आणखी नंतर ठरले. पण कडेचे दिसते का, हे तपासायला यंत्र लागत नाही. समोर बसायचे, रुग्णाने आपल्या नाकाकडे पाहायचे, आपण दोन्ही बाजूंनी बोटे हलवत आत आणायची. तिरुवैयारुच्या ओसरीवर बसूनही हे करता येते, आणि आजही कित्येक दवाखान्यांत ते केले जात नाही याचे मला नवल वाटते.

आता आपल्या गायिकेकडे. दोन दाढा गेल्या, कार्बामाझेपिन सुरू झाले, कळा निम्म्या झाल्या पण गेल्या नाहीत. चांगला डॉक्टर इथे दुखणाऱ्या जागेपलीकडचे प्रश्न विचारू लागतो. कळांच्या मध्येही गाल दुखत राहतो का, बधिर वाटतो का? नेहमीच्या न्यूराल्जियात दोन कळांमध्ये चेहरा सहसा शांत असतो आणि स्पर्श शाबूत असतो. बधिरपणा आला की गाठीचा संशय धरायचा. वय चाळिशीच्या आत आहे का? दोन्ही बाजू दुखतात का? कपाळ आणि डोळाच जास्त आहे का? मग वरवर असंबद्ध वाटणारे प्रश्न. पापणी पडते का, एकाचे दोन दिसतात का? पाळी वेळेआधी गेली का? मूल नसताना छातीतून दूध आले का? बोटातली अंगठी घट्ट झाली का, चप्पल एक नंबर मोठी लागते का? पुरुष असेल तर दाढी कमी वेळा करावी लागते का? गालाच्या कळेसाठी आलेल्या बाईला अंगठीचे विचारले तर ती चक्रावते. सरफोजींच्या टिपणकाराने ते लिहून ठेवले असते असे मला उगीचच वाटते.

तपासणी म्हणजे रंगद्रव्य देऊन केलेला बारीक छेदांचा एमआरआय, आणि तोही नसेच्या मुळापासून कॅव्हर्नस सायनसपर्यंत. इथेच उलटा सापळा आहे, आणि तो पहिल्याइतकाच वाईट. पियुषिकेत काही मिलिमीटरच्या निरुपद्रवी गाठी इतक्या लोकांना असतात की २००४ मध्ये सगळ्या अभ्यासांचा एकत्र हिशोब केला तेव्हा प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास निघाले. साधारण सहा माणसांत एक. तुमच्या वाड्यातल्या कोणाचेही एमआरआय करा, एखाद्याकडे काहीतरी सापडेलच. त्यामुळे चेहऱ्याची कळ आणि चार मिलिमीटरची गाठ एकाच माणसात सापडणे हा बहुतेक वेळा योगायोग असतो. रिपोर्टवर ‘पिट्युटरी मायक्रोअडेनोमा’ वाचून गायिकेच्या घरच्यांची झोप उडते, आणि खरी गुन्हेगार धमनी बाजूला राहते. गाठीवर दोष ठेवायचा तर ती दुखणाऱ्याच बाजूला पोकळीत किंवा गुहेत शिरलेली दिसली पाहिजे, दुखणाऱ्या शाखाच तिच्या वाटेत आल्या पाहिजेत. नाहीतर संक्टसारखे दुखणे आणि संप्रेरकांचा पुरावा, दोन्ही हवे. क्वचित दिसणाऱ्या कारणाच्या मागे लागताना पुरावा नेहमीपेक्षा कडक मागायचा असतो. वैद्यकीय नियतकालिकांत एकेका रुग्णाची हकीकत छापून आली की डॉक्टरांमध्येही काही काळ अशा निदानांची साथ पसरते.

आपल्या गायिकेची गाठ मोठी निघाली असे धरू: अडीच सेंटिमीटर, उजव्या पोकळीत शिरून मागे गुहेपर्यंत. आता लगेच शस्त्रक्रियेची तारीख घ्यायची नाही. आधी रक्तातले प्रोलॅक्टिन, म्हणजे दुधाचे संप्रेरक, मोजायचे. गाठ प्रोलॅक्टिन बनवणारी असेल तर आठवड्यातून एक-दोनदा घ्यायच्या कॅबरगोलिनच्या गोळीने मोठमोठ्या गाठी आकसतात आणि चाकू लागत नाही. आकडा वाचायलाही अनुभव लागतो. थोडासा वाढलेला आकडा कोणत्याही गाठीने ग्रंथीचा देठ दाबल्यामुळे येतो. उलट, प्रचंड गाठीत संप्रेरक इतके जास्त असते की प्रयोगशाळेतली चाचणी गुदमरते आणि खोटा कमी आकडा दाखवते. नमुना पातळ करून पुन्हा मोजला की खरा आकडा बाहेर येतो. गाठ भली मोठी आणि आकडा किरकोळ, असे दिसले तर प्रयोगशाळेला फोन करून हे सांगावे. आणि संक्टच्या कळा असलेल्यांना याच गोळ्यांनी काही वेळा कळा वाढतात, तेही लक्षात ठेवावे लागते.

कार्बामाझेपिनचे आणि पियुषिकेचे एक विचित्र गुंतागुंतीचे नाते आहे, आणि ते मला या सगळ्या विषयातले सर्वात शिकण्यासारखे वाटते. या औषधाने रक्तातले सोडियम उतरते, डॉक्टरांना ते माहीत असते. पियुषिका निकामी होऊन कॉर्टिसॉल, म्हणजे ताण सोसायला लागणारे संप्रेरक, घटले तरीही सोडियम उतरते. रुग्ण गळून गेला, सोडियम कमी आले, आणि ‘गोळीमुळे’ म्हणून सोडून दिले, तर कॉर्टिसॉलची धोकादायक कमतरता झाकली जाते. थायरॉइडचेही तसेच. हे औषध रक्तातले टी-४, म्हणजे थायरॉइडचे संप्रेरक, खाली आणते आणि पियुषिकेतून थायरॉइडला हुकूम देणारे टीएसएच वाढत नाही. पियुषिका बिघडल्यावर अगदी हेच चित्र दिसते. आणि बाहेरून हायड्रोकॉर्टिसोन द्यायची वेळ आली तर कार्बामाझेपिनमुळे यकृत ते लवकर संपवते, डोस वाढवावा लागतो. म्हणून कळांवर औषध घेणाऱ्या रुग्णाच्या पियुषिकेच्या तपासण्या वाचताना गोळ्यांची यादी शेजारी ठेवलेली बरी. आणखी एक: हे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले तर ते तातडीने डॉक्टरांना दाखवायचे. काही आशियाई लोकांमध्ये एका जनुकामुळे ही प्रतिक्रिया जीवघेणी होते, त्याची रक्तचाचणी आधी करता येते.

प्रोलॅक्टिनची गाठ नसेल आणि ती नसांना दाबत असेल तर शस्त्रक्रिया नाकातून होते. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक इथे हेर्मान श्लोफर यांनी १६ मार्च १९०७ रोजी पहिल्यांदा ही वाट धरली. हार्वे कुशिंग यांनी ती रूढ केली, पुढे कवटी उघडण्याकडे वळून सोडून दिली, आणि १९६०च्या दशकात ज्यूल आर्डी यांनी सूक्ष्मदर्शक आणून तिला पुन्हा प्रतिष्ठा दिली. आता बहुतेक ठिकाणी दुर्बीण वापरतात. तमिळनाडूत मेंदूशस्त्रक्रियेचा पाया वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात घातला गेला, १९४९ मध्ये डॉ. जेकब चांडी यांनी तिथे देशातला पहिला विभाग सुरू केला. तेव्हापासून अशा रुग्णाला परदेशी जाण्याचे कारण उरले नाही. पोकळीच्या भिंतीत रुतलेला भाग मात्र बऱ्याचदा मागे ठेवावा लागतो. तो ओरबाडायला गेले तर मोठी धमनी फुटण्याचा धोका असतो. त्या अवशेषावर पुढे नेमका किरणोपचार करतात किंवा नुसते लक्ष ठेवतात.

एका प्रसंगात मात्र प्रश्न, यादी, तपासण्या सगळे बाजूला ठेवायचे. डोक्यात अचानक असह्य वेदना, ओकाऱ्या, एक पापणी पडलेली, दिसणे एकदम अंधुक, आणि चेहऱ्याच्या एका बाजूला नवी कळ: ही गाठीतल्या रक्तस्रावाची खूण असू शकते. घरगुती लेप, अर्धशिशीची गोळी यांत रात्र घालवायची नाही. तिरुवैयारुहून तंजावरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अर्ध्या-पाऊण तासात पोचता येते. तिथे पहिली गोष्ट मिळायला हवी ती स्टिरॉइडचे इंजेक्शन, मग एमआरआय. कॉर्टिसॉल कोसळल्यामुळे माणूस दगावू शकतो.

गाठ काढल्यावर किंवा आकसल्यावर कळ सहसा हळूहळू ओसरते. कार्बामाझेपिन त्यानंतर आठवड्या-आठवड्याने कमी करतात, एकदम तोडत नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय आणि संप्रेरके. कधीकधी मात्र चित्र स्वच्छ दिसते, संप्रेरके ठीक येतात आणि गालातली वीज चमकतच राहते. मग तोच एमआरआय पुन्हा काढून पाहायचा, या वेळी नसेच्या मुळाशी टेकलेल्या धमनीसाठी.